शर्कराकंदाचे ढीग वसंतापर्यंत कसे टिकतात?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यातील फार्गो येथे राहते. साखर कारखान्याच्या आवारात शर्कराकंदाचे (शुगर बीट, म्हणजे साखरेसाठी पिकवल्या जाणाऱ्या बीटचे) प्रचंड ढीग हिवाळाभर उघड्यावर असतात, असे ती सांगते. आमचा तोडलेला ऊस दोन दिवस थांबला तरी उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण) घसरतो. मग हे कंद कसे टिकतात, आणि ही पद्धत उसाला लागू पडेल का?
— एक ऊस उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : शर्कराकंद हे द्विवर्षायू पीक आहे. पहिल्या वर्षी ते मुळात साखर साठवते आणि पुढच्या वर्षी त्याच साठ्यावर फुलोरा धरते. म्हणून उपटलेला कंद मेलेला नसतो, तो श्वसन करत राहतो. या श्वसनात साखर जळते आणि उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने श्वसन आणखी वाढते, आणि ही साखळी वेळीच तोडली नाही तर ढीग आतून तापून कुजू लागतो.

माझ्या मते ढिगाचे भवितव्य बरेचसे काढणीच्या दिवशीच ठरते. फार्गोसमोर नदीपलीकडे असलेल्या मूरहेडची अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनी १९७३ साली शेतकऱ्यांनी विकत घेऊन सहकारी केली. त्यामुळे ढिगात जळणारी साखर तिथे सभासदांच्याच पदरची असते, आणि काढणीची शिस्तही तितकीच कडक असते. साठवणुकीची मुख्य काढणी ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होते. पण कंदाच्या गाभ्याचे तापमान साधारण १३ अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर उभी यंत्रे थांबवून गारव्याची वाट पाहिली जाते. कडक थंडीने कंद गोठले असतील, तरीही काढणी थांबते. पाला नीट काढावा लागतो, कारण राहिलेला पाला आणि माती कंदांमधील फटी बुजवून हवा अडवतात. कंद आपटून फुटू नयेत याचीही काळजी घेतात, कारण जखम भरून काढण्यासाठी कंदाचे श्वसन वाढते आणि त्याच जखमेतून बुरशी शिरते.

ढिगाची उंची सुमारे ९ मीटरपर्यंत असते. दीर्घ मुदतीच्या ढिगांखाली नळ टाकून पंख्यांनी बाहेरची थंड हवा आत सोडतात आणि कंद गोठणबिंदूच्या थोडेसे वर ठेवतात. भर हिवाळ्यात मात्र ते मुद्दाम पूर्ण गोठवतात, कारण घट्ट गोठलेल्या कंदात श्वसन थांबते. खरा धोका गोठून पुन्हा वितळण्यात आहे. पेशी फुटून रस बाहेर येतो, जिवाणू त्यात डेक्स्ट्रानसारखा चिकट पदार्थ तयार करतात आणि कारखान्याची गाळणयंत्रणा तुंबते. म्हणून खराब होऊ लागलेला भाग हेरून तो आधी कारखान्यात नेतात.

उसाला ही पद्धत लागू पडणार नाही. तोडलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात, उसातीलच इन्व्हर्टेज हे विकर साखरेचे विघटन करते, आणि आपल्या गळीत हंगामातील दुपारच्या उन्हात पंख्याने ढकलायला थंड हवाच नसते. त्यामुळे ऊस २४ तासांत कारखान्याच्या गव्हाणीत (गाळपासाठी ऊस टाकतात त्या जागी) पडेल अशी तोडणी आखणे हाच उपाय उरतो. वाहन उशिरा येणार असेल, तर मोळ्या सावलीत रचून पाचटाने झाकाव्यात आणि वरून पाणी शिंपडावे; त्याने वजनातील आणि उताऱ्यातील घट काही अंशी कमी होते.