क्लासिक शिकवायला घेताय? आधी हे वाचा

पहिल्याच वर्षी यादीत सगळी जाडजूड पुस्तकं कोंबू नका, मी तेच केलेलं आणि पोरांनी सरळ गाईड वाचून पेपर लिहिले, पुस्तक कोणी उघडलंच नाही. चूक पोरांची नव्हती.

डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' ही कादंबरी घ्या, ती डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ अशी साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने आलेली, लोक पुढच्या अंकाची वाट बघायचे, आणि आपण म्हणतो सुट्टीत अख्खी संपवून या! त्यापेक्षा आठवड्याला दोन-तीन प्रकरणं द्या आणि पुढे काय होईल यावर वर्गात भांडू द्या, खरंच फरक पडतो. शेक्सपिअरचंही तसंच, ती नाटकं स्टेजसाठी लिहिलेली, त्यातली निम्मी तर तो गेल्यावर १६२३ मध्ये पहिल्यांदा छापली गेली, म्हणून बाकावर बसून अर्थ लिहून देण्याऐवजी पोरांना उभं करून मोठ्याने वाचायला लावा, अडखळले तरी चालेल.

आणि एकच पुस्तक निवडायचं असेल तर माझं मत 'फ्रँकेन्स्टाइन', म्हणजे एका तरुण शास्त्रज्ञाने स्वतः घडवलेल्या जिवंत प्राण्याची गोष्ट. मेरी शेलीने ते लिहायला घेतलं तेव्हा ती १८ वर्षांची होती, हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही मान वर करतात. शिवाय आपण निर्माण केलेल्याची जबाबदारी कोणाची, यावर चौदा-पंधरा वर्षांची मुलं इतकं मनापासून बोलतात की तास पुरत नाही.

क्लासिकच्या जोडीला एक आजचं पुस्तक मात्र नक्की ठेवा, आणि ते मुलांनाच निवडू द्या.