ॲल्युमिनियममध्ये स्क्रूचं डोकं सपाट बसवताना

प्रश्न: ३ मिमी ॲल्युमिनियम पट्टीत एम-४ (४ मिमी व्यासाच्या) स्क्रूसाठी मोठ्या ड्रिलने खळगा केला. आत लाटा उठल्या, डोकंही डुगडुगतं. काय चुकलं?

उत्तर: साध्या ड्रिलचं टोक ११८ अंशांचं, मेट्रिक स्क्रूच्या डोक्याचा उतार ९० अंशांचा, त्यामुळे डोकं फक्त भोकाच्या कडेवर टेकतं. ९० अंशांचाच काउंटरसिंक बिट (डोक्यासाठी शंकूसारखा खळगा करणारा बिट) घ्या, शक्यतो एका धारेचा. लाटा म्हणजे बिट नाचल्याची खूण: वेग जास्त, दाब कमी. आधी ४.५ मिमीचं आरपार भोक पाडा, पट्टी ठोकळ्यावर क्लॅम्पने आवळा, वेग अगदी कमी ठेवा आणि थेंबभर रॉकेल टाका. नाहीतर कीस धारेला चिकटून खळगा ओरबाडतो. मधूनमधून स्क्रू उलटा धरून डोकं खळग्याच्या तोंडाशी जुळवून पाहा. खळगा एकदा खोल गेला की भरून येत नाही.