निवृत्तीनंतर आई गप्प-गप्प असते. नाशिकमध्ये तिला ग्रुप डान्सला घातलं तर फरक पडेल का?

पडू शकतो. २०२४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये नैराश्य आणि व्यायाम यांवरच्या २१८ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात नाचाचा परिणाम चांगला मोठा दिसला. मात्र नाचावरच्या चाचण्या मोजक्याच होत्या, त्यामुळे लगेच हुरळून जाऊ नका.

कॉलेज रोड, गंगापूर रोडला झुंबाचे वर्ग आहेतच, पण आईंसाठी मी मंगळागौरीचा ग्रुप सुचवेन. श्रावणाच्या आधी सोसायटीच्या हॉलमध्ये सराव सुरू होतात, तिथे चौकशी करा. फुगडीत हातांची अढी घालून, पाय जुळवून मागे झुकावं लागतं. समोरचीवर भार टाकल्याशिवाय गिरकी बसतच नाही. शिवाय त्या गाण्यांत सासरची गाऱ्हाणी ठसक्यात मांडलेली असतात. एरवी तोंडातून न निघणारं तिथे टाळ्यांवर निघतं! एका तालात हलल्याने आपलेपणा वाढतो, हे प्रयोगांतही दिसलंय.

गुडघे दुखत असतील तर फुगडी नको, झिम्मा पुरे. स्टेजचा आणि रीलचा आग्रह तर अजिबात नको, लाजऱ्या माणसाचा तिथेच विचका होतो. पहिल्या दिवशी नुसतं बसून बघू द्या.

झोप, भूक उडाली असेल, दोन आठवड्यांहून जास्त उदासी असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, नाच त्याच्या जोडीला. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.