कायडेक्सचं पहिलं म्यान करताना

सुरीच्या पहिल्या म्यानासाठी २ मिमी जाडीची कायडेक्सची (तापवलं की मऊ होणारं कडक प्लास्टिक) शीट घ्या. पात्याला मास्किंग टेपचे दोन थर लावा. तेवढीच फट राहते आणि सुरी आत घासत नाही. टेपखाली धूळ राहू देऊ नका, ओरखडे तिथूनच येतात. मुठीवर खाच असेल तर ती भरून घ्या, नाहीतर सुरी म्यानात अडकून बसेल.

शीट ओव्हनमध्ये साधारण १६५ अंश सेल्सिअसवर तापवा. ती जाड कापडासारखी लोंबायला लागली की काढा. कमी तापली तर आकार बोथट येतो आणि म्यान सैल बसतं. जास्त तापली तर पृष्ठभागाचा पोत पुसून चकाकी येते. त्यात पीव्हीसी असतं, करपली तर विषारी धूर निघतो, म्हणून खिडक्या उघड्याच ठेवा. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरू नका.

काढल्यावर हातात काही सेकंदच असतात, त्यामुळे फोमचा प्रेस (आतून फोम लावलेल्या दोन फळ्या) आणि क्लॅम्प आधीच मांडून ठेवा. शीट सुरीवर बसवून प्रेसमध्ये दाबल्यावर किमान दहा मिनिटं हात लावायचा नाही. घाईने उघडलेली शीट परत फुलते, आणि नवशिक्यांची बहुतेक म्यानं इथेच बिघडतात.

आयलेटची (म्यानाच्या दोन बाजू जोडणाऱ्या पोकळ रिव्हेटची) भोकं धारेपासून ६ ते ७ मिमी तरी लांब पाडा. टोकाशी पाणी निथळायला एक छोटं भोक ठेवा.

पकड ठरते ती मुठीलगतच्या वळणावर. सैल वाटली तर पूर्ण म्यान पुन्हा तापवू नका, फक्त तेवढाच भाग हीट गनने मऊ करून सुरी आत ठेवूनच दाबा.