तिकिटावरचं नाव आणि अनारशावरची खसखस

आशियातल्या देशांत एकटीने फिरायला किंवा कामाला निघालेल्या वाचिकांची पत्रं या वेळी मराठवाड्यातून आली आहेत. बहुतेकींना काळजी आहे ती परक्या गावातल्या रात्रीची. ती रास्तच आहे, पण आमच्या मते त्याआधी भीती बाळगावी ती कागदाची. बेत मोडतात ते बहुधा विमानतळाच्या काउंटरवर.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, वय ४७. दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस एकटीने व्हिएतनामला जायचं आहे. पासपोर्ट सासरच्या नावाने आहे, आधार अजून माहेरच्या. व्हिसा स्वतः काढू का? तिथे स्कूटी भाड्याने मिळते म्हणतात, चालवता येईल का? मी शाकाहारी आहे.
— एक वाचिका, अंबाजोगाई

उत्तर : ताई, या कामापुरतं आधार बाजूला ठेवा. व्हिसा आणि विमान, दोन्हीकडे पासपोर्टवरचंच नाव चालतं. आपल्या पासपोर्टवर आडनाव एका ओळीत असतं आणि स्वतःचं व नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या ओळीत. घोटाळा इथेच होतो. तिकिटावर नुसतं स्वतःचं नाव टाकलं जातं, व्हिसावर मधलं नावही येतं आणि दोन्ही जुळत नाहीत. पासपोर्टचं पान समोर ठेवून दोन्हीकडे अक्षर न् अक्षर तसंच उतरवा.

व्हिसा स्वतः काढा. ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. एकदा प्रवेशाचे २५ डॉलर आणि अनेकदा प्रवेशाचे ५० डॉलर लागतात. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट व्हीएन' असा असतो. तसा नसेल तर ते मध्यस्थाचं दुकान समजा. फोटो चष्म्याशिवाय काढा आणि पासपोर्टचं पान सगळे कोपरे दिसतील असं स्कॅन करा. आपल्या पासपोर्ट क्रमांकात आधी एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सात अंक असतात. म्हणजे अक्षरानंतर जे गोल दिसतं ते शून्यच, 'ओ' नव्हे. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटा पडला, तर व्हिसा हातात असूनही विमानात बसू देत नाहीत. दुरुस्तीच्या नावाखाली बहुतेक वेळा नवा अर्ज आणि नवी फी भरावी लागते, जुनी परत मिळत नाही. म्हणून निदान तीन आठवडे आधी अर्ज करा. व्हिसा आला की त्यावरची प्रत्येक ओळ पासपोर्टशी ताडून बघा आणि दोन छापील प्रती सोबत ठेवा. व्हिसावर जी पहिली तारीख असते तिच्या आधी देशात प्रवेश नाही, नंतर चालतो.

दिवाळीच्या सुमारास मध्य व्हिएतनाममध्ये, म्हणजे दा नांग, होई आन, ह्युए या भागात पावसाचा जोर असतो. होई आनच्या जुन्या गल्ल्यांत तेव्हा नदीचं पाणी शिरतं. त्याच दिवसांत हनोई आणि निन बिन्हची हवा छान असते. तेव्हा दहा दिवस उत्तरेतच घालवा.

स्कूटी चालवू नका. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार असतो आणि व्हिएतनाम १९६८च्या करारातला परवाना मानतो. भाड्याने देणारा काही विचारणार नाही, पण अपघात झाला की विमा कंपनी परवाना बघते आणि दावा नाकारते. डोंगरी भागात दुचाकीवर मागे बसवून फिरवणारे स्थानिक चालक मिळतात. शहरात ॲपवरून गाडी मागवा आणि नंबरप्लेट जुळल्याशिवाय बसू नका.

जेवणाचं म्हणाल, तर तिथे भाजीतही माशाचं पाणी असतं, त्याला 'नुओक माम' म्हणतात. 'भाजी द्या' एवढं सांगून भागत नाही. 'तोय आन चाय', म्हणजे मी शाकाहारी, असं त्यांच्या लिपीत लिहून मोबाईलवर ठेवा आणि पाटीवर 'चाय' लिहिलेली खानावळ शोधा. पौर्णिमेला आणि त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी अनेक बौद्ध घरांत शाकाहार असतो, त्या दिवशी असं जेवण सहज मिळतं.

आणखी एक. विमान १४ तारखेच्या रात्री १२.४० चं असेल, तर विमानतळावर १३ तारखेच्या रात्रीच पोचायचं असतं. तुमच्याकडून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडतं, तिकिटाचे दर दोन्हीकडचे बघा.

प्रश्न : विवाहित बाईला एकटीने परदेशी जाताना नवऱ्याचं संमतिपत्र लागतं का? घरात सगळे लागतं म्हणतात.
— एक वाचिका, नांदेड

उत्तर : पर्यटनासाठी जाणाऱ्या सज्ञान स्त्रीला कायद्याने असं कुठलंही पत्र लागत नाही. पासपोर्ट काढतानाही नाही. मुंबईच्या इमिग्रेशनवर विचारतात ते कुठे चाललात, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का. हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट छापून हातात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको.

प्रश्न : मुलीला सिंगापूरला नोकरी लागली. सोबत येसर, काळा मसाला, अनारसे आणि नेहमीची औषधं द्यायची आहेत. काही अडचण येईल का?
— एक आई, उदगीर

उत्तर : येईल, आणि ती खसखशीमुळे. सिंगापुरात खसखस बंदी असलेल्या वस्तूंत मोडते, कारण तिच्यात मॉर्फिनचे अंश सापडतात. संयुक्त अरब अमिरात आणि सौदी अरेबियातही बंदी आहे. आपण अनारसा खसखशीवर थापतो आणि काळ्या मसाल्यात ती भाजून घालतो. तेव्हा अनारसे देऊच नका. मसाला खसखस न घालता वेगळा करा, येसरातही ती टाकत असाल तर तोही. शंकरपाळी, शेंगदाण्याची चटणी खुशाल द्या.

घरातल्या कुणासाठी मिश्री जात असेल तर काढून ठेवा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तोंडात धरायची तंबाखू तिथे बेकायदा आहे. औषधांत कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल हे तीव्र वेदनांवरचं औषध आणि झोपेच्या गोळ्या यांना तिथल्या आरोग्य खात्याची आधी परवानगी लागते. बाकीच्या गोळ्या मूळ पाकिटात द्या, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत असू द्या. सुट्या गोळ्या डब्यात भरून देऊ नका.

पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरायचं असतं. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारं संकेतस्थळ खोटं.

प्रश्न : बी.कॉम. झाले आहे. बँकॉकला डेटा एंट्रीचं काम, महिना ८० हजार, राहणं-खाणं फुकट. मुलाखत मोबाईलवर मेसेजमधूनच झाली. एजंट म्हणतो, आधी पर्यटक म्हणून जा, वर्क परमिट तिकडे काढू. जाऊ का?
— एक वाचिका, हिंगोली

उत्तर : नको. अगदी स्पष्ट सांगतो, जाऊ नका.

थायलंडमध्ये काम करायला आधी नोकरीसाठीचा 'नॉन-इमिग्रंट बी' व्हिसा आणि मग वर्क परमिट लागतं. दोन्हींची कागदपत्रं मालकाकडून येतात. पर्यटक म्हणून शिरून केलेलं काम बेकायदा ठरतं, आणि पकडली जाते ती काम करणारी. त्याहून मोठा धोका पुढे आहे. अशाच जाहिरातींवर गेलेल्या कित्येक भारतीय तरुणांना बँकॉकला उतरवून गाडीने सुमारे ५०० किलोमीटरवरच्या माए सोत गावी नेलं गेलं आणि तिथून नदीपलीकडे म्यानमारच्या म्यावडी भागात. तिथे पासपोर्ट काढून घेतात आणि लोकांना ऑनलाइन फसवण्याचं काम मारहाण करून करून घेतात. कंबोडिया आणि लाओसमध्येही असे अड्डे आहेत. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने याबाबत वारंवार इशारे दिले आहेत.

साध्या कामाला भरमसाट पगार, चेहरा न दाखवता मुलाखत, पर्यटक म्हणून प्रवेश आणि 'घरी इतक्यात सांगू नका' ही सूचना, यांतली दोन लक्षणं दिसली तरी थांबा. एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. तुमची एखादी मैत्रीण आधीच निघाली असेल, तर तिला कळवा की विमानतळाबाहेर गाडीत बसू नकोस. तिथल्या पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे.

प्रश्न : बहीण वृद्धांच्या सेवेच्या कामाला जपानला जाऊ पाहते. परीक्षा कोणत्या? मिक्सर, कुकर नेऊ द्यावा का?
— एक वाचिका, लातूर

उत्तर : 'तोकुतेई गिनो' या, म्हणजे कुशल कामगारांच्या व्हिसासाठी तीन परीक्षा लागतात. एक जपानी भाषेची, एन-४ (पाच पातळ्यांतली खालून दुसरी) किंवा त्या तोडीची. दुसरी सेवाकामाच्या कौशल्याची. तिसरी सेवाकामातल्या जपानीची. भाषेला कमी लेखू नये, अडतात त्या तिथेच. या व्हिसावर सहसा जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं, कुटुंब नेता येत नाही. त्या काळात तिथली राष्ट्रीय केअर वर्कर परीक्षा पास केली, तर पुढे लांब मुक्कामाचा मार्ग खुला होतो.

राहत्या घरात गेल्यापासून १४ दिवसांत रेसिडेन्स कार्ड, म्हणजे तिथलं रहिवासी ओळखपत्र, घेऊन नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. बँक खातं, मोबाईल सगळं त्या कार्डावरच अवलंबून असतं. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन आहे का ते बघा. त्याचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असेल तर ती गोळी जपानमध्ये नेताच येत नाही.

मिक्सर नेऊ नये. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे, आपला मिक्सर तिच्यावर नीट फिरतच नाही. इथली पाण्याची किटली तिथे जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या ताकदीने चालते. कुकर गॅसवरचा असेल तर न्यावा, पण आधी खोलीत गॅसची शेगडी आहे की इंडक्शन ते विचारून. इंडक्शन असेल तर तळ तसाच लागतो, नुसतं ॲल्युमिनियमचं भांडं त्यावर तापत नाही.