वाचक विचारतात : सिम्युलेशन अडतंय आणि वॅट जुळत नाहीत

प्रश्न : एलटीस्पाइसमध्ये (सर्किट कॉम्प्युटरवर चालवून बघायचं सॉफ्टवेअर) बक कन्व्हर्टर (डीसी व्होल्टेज कमी करणारं सर्किट) काढलाय, 12 व्होल्टचे 5 व्होल्ट, 2 अँपिअर, 100 किलोहर्ट्झ. साधा स्विच आणि साधा डायोड टाकलाय. रन मध्येच थांबतो आणि ‘टाइम स्टेप टू स्मॉल’ येतं. रेलटॉल 0.001 वरून 0.01 केला तर कधी चालतो कधी नाही. अजून वाढवू का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : नको, उलट परत 0.001 करून ठेवा. रेलटॉल म्हणजे उत्तरात किती चूक खपवून घ्यायची तो आकडा, तो सैल केला की एरर जाते पण आकड्यांवरचा भरवसाही जातो. स्पाइस (एलटीस्पाइसमधलं हिशोब करणारं इंजिन) प्रत्येक क्षणाला न्यूटन-रॅफसन या गणिती पद्धतीने व्होल्टेजचा अंदाज धरतो, सुधारतो, परत धरतो, आणि अंदाज एका जागी स्थिरावलेच नाहीत तर वेळेचं पाऊल लहान करून पुन्हा बघतो, असं लहान लहान करत शेवटी पाऊल टाकायलाच जागा उरत नाही तेव्हा हा मेसेज येतो.

तुमच्याकडे बहुतेक काय होतंय सांगतो. स्विच ऑफ झाला की कॉइलमधले 2 अँपिअर एका क्षणात डायोडकडे वळायला हवेत, पण स्विच, डायोड आणि कॉइल जिथे जुळतात त्या नोडला तुम्ही कपॅसिटन्सच ठेवलेला नाही. नुसत्या डीफॉल्ट डायोडला जंक्शन कपॅसिटन्स शून्य, सिरीज रेझिस्टन्सही शून्य. मग व्होल्टेज उडी मारतं आणि बिचाऱ्या सॉल्व्हरला उडीच्या मधलं काही सापडत नाही. खऱ्या 3 अँपिअर शॉटकी डायोडचं मॉडेल लावा, स्विचच्या मॉडेलमध्ये व्हीएच (ऑन आणि ऑफ होण्याच्या व्होल्टेजमधलं अंतर ठरवणारा आकडा) निगेटिव्ह द्या (मग तो झटकन न पलटता सावकाश ऑन-ऑफ होतो), आउटपुट कपॅसिटरला 10-20 मिलिओहम ईएसआर (कपॅसिटरचा स्वतःचा सिरीज रेझिस्टन्स) द्या, आणि स्विच चालवणाऱ्या पल्सचा राइज टाइम (वर चढायचा वेळ) शून्य न ठेवता 10 नॅनोसेकंद लिहा, कारण शून्य लिहिलं तर एलटीस्पाइस स्वतःच्या मनाचा वेळ धरतो. एवढ्यावर शंभरातले बरेच सर्किट चालू लागतात. आणि हो, कुठे 10 मेगओहमसाठी 10एम लिहिलंय का बघा, स्पाइस त्याला 10 मिलिओहम समजतो, मेगाला ‘मेग’च लिहावं लागतं. याने भलेभले फसलेत.

प्रश्न : असाच कन्व्हर्टर माझाही आहे, चालतोय. स्विचचं सरासरी व्होल्टेज 7, सरासरी करंट 0.87 अँपिअर, म्हणजे लॉस 6 वॅट. एवढा कसा?
— हौशी वाचक, पुणे

उत्तर : हिशोब लावून बघा, सोर्समधून 12 गुणिले 0.87 म्हणजे साधारण 10.4 वॅट येतायत, लोड 10 वॅट घेतोय, मग 6 वॅट आले कुठनं? स्विचवर व्होल्टेज असतं तेव्हा करंट नसतो आणि करंट असतो तेव्हा व्होल्टेज जवळजवळ नसतं, त्यामुळे आधी प्रत्येक क्षणाचा गुणाकार आणि मग सरासरी, उलटं करायचं नाही. ऑल्ट दाबून स्विचवर क्लिक करा (कर्सरचा थर्मामीटर होतो), पॉवरची वेव्हफॉर्म येईल, तिच्या नावावर कंट्रोल दाबून क्लिक केलं की सरासरी मिळते. 50 मिलिओहमचा स्विच असेल तर ऑन असतानाचा लॉस 0.09 वॅटच्या आसपास यावा, वर स्विचिंग लॉस वेगळा.

मात्र ही सरासरी स्क्रीनवर दिसतो तेवढ्याच भागाची असते, म्हणून सुरुवातीचा स्टार्टअप सोडून शेवटचे 100 मायक्रोसेकंद, म्हणजे पूर्ण 10 सायकल, एवढंच झूम करा. प्लॉटविनसाइज हे सेटिंग शून्य करायला विसरू नका, नाहीतर डेटा कॉम्प्रेस होऊन बारीक स्पाइक खाल्ले जातात. सर्किट खरंच स्थिरावलंय का याची खूण अशी की कॉइल आणि कपॅसिटरची सरासरी पॉवर जवळपास त्यांच्या रेझिस्टन्समधल्या लॉसएवढीच उरते, जास्त दिसली तर अजून चार्जिंग चालू आहे.

प्रश्न : 230 व्होल्टचा 1000 वॅट हीटर 52.9 ओहम धरला तर 500 वॅटच दिसतात, सोर्सची पॉवर तर चक्क मायनसमध्ये!
— नाशिक

उत्तर : साइन सोर्समध्ये 230 टाकलंत ना? 230 हा आरएमएस (परिणामी) आकडा, तिथे मात्र पीक म्हणजे लाटेची सर्वात उंच किंमत लागते, 325 टाका. मायनस बरोबरच आहे, सोर्स पॉवर देतोय, घेत नाहीये. सरासरी मात्र 20 मिलिसेकंदांच्या (50 हर्ट्झच्या एका सायकलच्या) पटीतच काढा.