आधी कपाट बघ, मग देश

तू ताई म्हणालीस, तर मीही सरळ अगं-तुगंवर येते. तुझा प्रश्न थोडक्यात असा: वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालंय, उष्णकटिबंधातल्या मॉस आणि लिव्हरवर्टवर (फुलं-बिया नसलेल्या, ओलीत वाढणाऱ्या इवल्या हिरव्या वनस्पती) पीएचडी करायची आहे, दोन जागा समोर आहेत. एक युरोपातल्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, लेज्युनिएसी या लिव्हरवर्टच्या कुळाच्या वर्गीकरणाची. दुसरी दक्षिण अमेरिकेतल्या मेघवनात, म्हणजे ढग-धुक्यात असणाऱ्या डोंगरी जंगलात, दोराने झाडावर चढून नोंदी घेण्याची. कोणती घेऊ, जाण्याआधी काय शिकू, आणि आजवर गोळा केलेल्या वाळक्या नमुन्यांची पाकिटं सोबत नेऊ का?

शेवटच्याचं उत्तर आधी देते: नेऊ नकोस. बॅग भरताना वाटतं, वाळलेला पाचोळाच तर आहे, कोण विचारतंय! पण एखाद्या देशातली जनुकीय संसाधनं कोणाच्या परवानगीने घ्यायची आणि फायदा कसा वाटायचा हे सांगणारा आंतरराष्ट्रीय नागोया करार ऑक्टोबर २०१४ पासून लागू आहे, आणि नमुना कोणाच्या परवानगीने देशाबाहेर आला याचा कागद नसेल तर नीट चालणारं हर्बेरियम तो दारातच अडवतं. पाकिटं तुझ्याच देशातल्या एखाद्या नोंदणीकृत हर्बेरियममध्ये जमा कर, नोंदक्रमांक घे. पुढे लागली तर संस्थेने संस्थेकडून उसनी मागवायची, हा जुना आणि सरळ रस्ता आहे. माझ्या पहिल्या मोहिमेनंतर निर्यातीचा परवाना पाच महिने एका टेबलावर पडून होता. पाकिटं तिथे, मी इथे, आणि तीन वर्षांची फेलोशिप मात्र चालू. त्यामुळे जागा स्वीकारण्याआधी विचार की परवाने आधीच हातात आहेत की ‘होऊन जातील’.

आता जागांचं. मेघवनाचे फोटो बघून तुझं मन तिकडे धावतंय हे पत्रातून दिसतंच. माझंही धावलं होतं. पण दोन्हीकडे रोजचं काम शेवटी एकच: पाण्याच्या थेंबात भिजवलेला नखाएवढा तुकडा आणि मायक्रोस्कोप. जंगलात वर्षातले सहा-आठ आठवडे, बाकी सगळं वर्ष खुर्चीत. झाडावर चढणं महिन्याभरात शिकता येतं. डोळा तयार व्हायला वर्षं जातात, आणि तो एकट्याने तयार होत नाही.

पाठ्यपुस्तकात लिव्हरवर्ट म्हणजे मार्केंशिया आणि रिक्सिया, जमिनीला चिकटलेलं चपटं थॅलस, म्हणजे खोड-पान वेगळं नसलेलं शरीर. उष्णकटिबंधात गेलीस की पहिला धक्का हा बसतो की तिथले बहुतेक लिव्हरवर्ट पानांचे असतात आणि पहिल्या नजरेत मॉसच वाटतात. पानाला मधली शीर नाही, पानं दोन रांगांत, खालच्या बाजूला बहुधा छोट्या पानांची तिसरी रांग. लेज्युनिएसीत प्रत्येक पानाची खालची कड दुमडून इवलीशी पिशवी झालेली असते. त्या पिशवीच्या कडेला दात किती, तो किती पेशींचा, यावर प्रजाती ठरते. हजाराहून जास्त प्रजातींचं कुळ, आणि कित्येकांची फांदी जेमतेम मिलिमीटरभर रुंद.

एक प्रसंग सांगते. पहिल्या मोहिमेत संध्याकाळी केंद्रावर बसून झुडपाच्या जिवंत पानावरची हिरवी साय खरवडली. मायक्रोस्कोपखाली प्रत्येक पेशीत ऑइल बॉडी, म्हणजे तेलाचे पिंड: एका प्रजातीत द्राक्षाच्या घोसासारखे, शेजारच्या दुसरीत बारीक कणांसारखे. दोघींतला फरक लख्ख दिसत होता. मी दमले होते. ‘उद्या काढू चित्र’ म्हणून पाकीट बंद केलं. महिन्याभराने हर्बेरियममध्ये उघडलं तर पेशी रिकाम्या! वाळताना हे पिंड बहुतेक प्रजातींत विरून जातात. बाकी सगळं भिजवलं की पुन्हा टवटवीत होतं, शंभर वर्षांनीसुद्धा आकार परत येतो, पण तेल येत नाही. त्या दोघी आजही माझ्या वहीत प्रश्नचिन्ह लावून बसल्या आहेत. तेव्हा ताजा नमुना त्याच रात्री बघायचा, आणि पाकीट कागदाचंच. प्लास्टिकच्या पिशवीतल्या नमुन्यांना बुरशी धरते, हेही मी दोन दिवसांचं संकलन घालवून शिकले.

हर्बेरियम का महत्त्वाचं, तर नाव ज्या नमुन्यावर टांगलेलं असतं तो टाइप तिथल्या कपाटात असतो. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रूस १८४९ ते १८६४ ॲमेझॉन आणि अँडीजमध्ये फिरला, त्याच्या लिव्हरवर्टचा ग्रंथ १८८४-८५ मध्ये आला, आणि आजही त्याची पाकिटं उघडल्याशिवाय त्या भागातली नावं सुटत नाहीत. उलट जर्मनीतल्या हाल्ले गावच्या कार्ल म्युलरने जगभरच्या मॉसना हजारो नावं दिली, आणि त्याचा संग्रह बर्लिनमध्ये १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. त्याच नमुन्यांचे भाग म्हणून त्याने इतरांना दिलेल्या जोडपाकिटांचा शोध घेण्यात लोकांची वर्षं जातात. एकच सर्वदूर वाढणारी प्रजाती देशोदेशी वेगळ्या नावाने वावरते आहे, हे असंच बसून उकलतं.

झाडावरच्या कामाला मी कमी लेखत नाही. त्यातले प्रश्न माझ्या कामापेक्षा रंजकच आहेत. सखल वर्षावनात ओल असूनही मॉस इतकं विरळ का? एक पटण्यासारखं उत्तर असं, की रात्रही उबदार आणि दमट असल्याने श्वसन जोरात चालतं. दिवसा एक तर प्रकाश कमी, नाही तर लवकर सुकणं. म्हणजे दिवसाची कमाई रात्रीच उडते. वर मेघवनात गारवा असतो, तिथे शिल्लक उरते. टांझानियाच्या उलुगुरू डोंगरांत तामाश पोच यांनी अशाच खुज्या वनात अधिपादपांचं, म्हणजे झाडांवर वाढणाऱ्या वनस्पतींचं, सुकं वजन हेक्टरी सुमारे १४ टन मोजलं होतं. हवामान तापलं तर ही शिल्लक कुठवर टिकेल, हा आजचा जिवंत प्रश्न आहे. पण फांदीवरच्या पन्नास तुकड्यांना ‘लेज्युनिया एक, लेज्युनिया दोन’ म्हणत राहिलीस तर पुढची आकडेमोड कितीही सुबक असो, पाया भुसभुशीत.

म्हणून माझं मत: आजवर शंभरेक नमुने स्वतःच्या हाताने ओळखले नसशील तर हर्बेरियमची जागा घे. अट एकच, शेजारी बसून चूक दाखवणारं माणूस तिथे हवं. या विषयातले जाणकार मोजके, त्यातले बरेच निवृत्तीला आलेले. मार्गदर्शक दोन वर्षांत निघून जाणार असतील तर पुढे कोण, हे लाजू नकोस, विचार.

जाण्याआधी ब्लेडने हाताने पातळ छेद घ्यायला शिक, आणि बघून चित्र काढायला. २०१२ पासून नवी प्रजाती इंग्रजीत मांडता येते, पण जुनी वर्णनं लॅटिनच आहेत, तेवढी वाचता येऊ देत. परवान्यांसाठी आणि वाटाड्यांशी बोलण्यासाठी स्पॅनिश लागेल. डीएनए आणि आकडेशास्त्र तिथे गेल्यावर शिकशील, आणि जरूर शीक, कारण नुसत्या वर्गीकरणावर कायमची नोकरी क्वचितच मिळते.

मुलाखत ऑनलाइन असेल तर त्यांना कॅमेरा लिव्हरवर्टच्या कपाटांकडे फिरवायला सांग. एखादा खण उघडून दाखवा म्हण. पाकिटांवर अलीकडच्या हस्ताक्षरातल्या ओळखपट्ट्या चिकटवलेल्या दिसल्या तर तिथे अजून कोणीतरी रोज बसतंय.